बत्तिसावी सही

मथुराआक्काने आधी माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"साडी हाय का त्यात?"

मी हो म्हणालो. नाही म्हणायची सोयच नव्हती. पिशवी तालुक्याच्या कापड दुकानाची, पिवळीजर्द, दुकानाचं नाव हातभर अक्षरांत.

"म्हंजी सहीला आलाय," ती म्हणाली आणि पुन्हा पावट्याच्या शेंगा सोलायला लागली.

गेनूदादा, आमचा थोरला भाऊ, ओसरीच्या पायरीवर चपला काढत होता. तो तिथेच अडखळला. माझ्याकडे असं काही बघितलं की पिशवी कुठे टाकू असं मला झालं. आमच्याकडे बहिणीला साडी दोनदाच नेतात. एक भाऊबिजेला आणि एक हक्कसोडीला, म्हणजे बापाच्या जमिनीवरचं आपलं नाव ती काढून देते तेव्हा. भाऊबीज होऊन तीन महिने झाले होते. आम्ही ठरवून आलो होतो की आधी बसायचं, पाणी प्यायचं, चार गोष्टी बोलायच्या आणि मग हळूच विषय काढायचा. पण एकतीस घरच्या एकतीस बहिणींना साड्या नेऊन नेऊन मला इतकी सवय झाली होती की स्वतःच्या बहिणीकडे जातानाही मी ती पिशवी हातात मिरवत गेलो.

ह्या साड्यांची गोष्ट सांगायला हवी. आमच्या तांबडघर गावात, धरणाच्या मागच्या अंगाला, एका कंपनीला चारशे बंगले बांधायचे होते. रस्त्याच्या फाट्यावर त्यांनी मोठा फलक लावला होता. त्यावर हिरवळ, हिरवळीवर एक गोरी बाई आणि तिचं गोरंच कुत्रं. ती हिरवळ म्हणजे आमची भाताची खाचरं. तीन वर्षं आम्ही ते होऊ दिलं नव्हतं. मोजणीवाल्यांना दोनदा परत पाठवलं, तहसीलवर मोर्चा नेला, दादा दोन दिवस कोठडीत बसून आला. आक्का तेव्हा चार दिवसांसाठी माहेरी आलेली, ती तीन आठवडे राहिली. मोजणीच्या गाडीपुढे आडव्या पडलेल्या बायकांत ती पहिली होती. पोलिसांनी उचलून बाजूला ठेवलं तर पदर झटकून पुन्हा येऊन पडली.

आणि मग शेडग्यांच्या लेकीने तिकडे सासरी बसल्या जागी आपला हिस्सा कंपनीला विकून टाकला. शेडग्यांना पत्ता नाही. खाचरात सिमेंटचे खांब उभे राहिले तेव्हा कळलं. पोरीला विचारलं तर म्हणाली, मला इतक्या वर्षांत तुम्ही काही विचारलं नव्हतं, त्यांनी विचारलं. गावाची झोप उडाली. प्रत्येकाच्या सातबाऱ्यावर कुठली ना कुठली बहीण होतीच. मारुतीच्या देवळात बैठक झाली आणि ठरलं की सगळ्या बहिणींची हक्कसोड करून घ्यायची. गावची जमीन गावातल्यांच्या नावावर राहिली की कंपनीला शिरायला फट उरणार नाही. ठराव दादानेच मांडला. कंपनीविरुद्धच्या समितीचा तो अध्यक्ष. मी दूध डेअरीचा सचिव, अक्षर बरं, म्हणून कागदांचं सगळं माझ्याकडे आलं. मसुदा तालुक्याच्या वकिलाचा, नावं आणि गट नंबर मी भरायचे.

दोन महिन्यांत एकतीस झाल्या. एकदा तर एकाच जीपमधून नऊ बहिणी नेल्या. नोंदणी कचेरीतला कारकून म्हणाला, "आज काय तुमच्या गावची भाऊबीज आहे का?" आम्ही सगळे हसलो. बहिणीसुद्धा हसल्या. फक्त अध्यक्षाचीच बहीण राहिली होती आणि आता पारावर लोक त्यावरून बोलायला लागले होते.

"मथुरे," दादा ओसरीवर टेकत म्हणाला, "तुला सगळं ठाऊक हाय. तू काय परकी न्हाईस."

"परकी न्हाई तर नाव कशापायी काढताय?"

"उद्या कंपनी तुझ्या दारात येईल."

"येऊन गेली."

दादाने मान वर केली.

"गेल्या महिन्यात," आक्का म्हणाली. "एक बाई आन् एक टायवाला. च्या पाजला आन् लावलं वाटेला."

"आम्हाला न्हाई सांगितलंस?"

"सांगायचं काय त्यात? विकायची न्हाई म्हटलं, गेले."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी शेंगांच्या सालींकडे. खरं तर तिथेच उठायला हवं होतं आम्ही. एकतीस जणींपैकी कोणी कंपनीला असं दारातून परत लावल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं.

"तुझा भरवसा हाय गं," दादा म्हणाला. "पर तुझ्या माघारी तुझी पोरं?"

"आन् तुझ्या माघारी तुझी?"

"माझी गावात राहत्यात."

"राहत्यात तवर राहत्यात."

दादाला राग यायला हवा होता, पण आला नाही. तो थकलेला होता. कोठडीतून आल्यापासून त्याचा गुडघा सुजायचा, तो तसाच चोळत बसला.

आक्काने सूप बाजूला ठेवलं. "दादा, मला हिस्सा नको. कसायला नको, पिकातला दाणा नको. विकणार न्हाई म्हणून काय लिहून द्यायचं ते देते, देवळात हात ठेवून सांगते. नुसतं नाव राहू दे."

"नुसतं नाव ठेवून काय करणार हायेस तू?"

"काय करायचं? कुटं तरी हाय म्हणायचं. हे घर मामंजींच्या नावावर. रेशनकारडात ह्यांच्या खाली. त्या एका उताऱ्यावर बाबांच्या खाली तुम्ही दोघं आन् मी. भाताचा राब भाजायला तुमच्या बरोबरीनं मी होते का न्हाई? लावणीला होते का न्हाई? मोर्चाला मी चालते, गाडीखाली निजायला चालते, आन् उताऱ्यावर चालत न्हाई?"

तेवढ्यात दाजी शेतावरून आले. दाजी म्हणजे गरीब माणूस, घरात काही ताणलेलं दिसलं की बाहेर पडायचे. त्यांनी दादाला विहिरीवरची नवी मोटर दाखवायला नेलं आणि ओसरीवर मी आणि आक्का दोघंच राहिलो.

मला ते काम संपवायचं होतं. दुसरं काही नव्हतं माझ्या मनात, हे आज शपथेवर सांगतो. दोन महिने मी बायकांचे रडवेले चेहरे बघत होतो, कागद भरत होतो, कचेरीत उभा राहत होतो. बत्तीस झाल्या की सुटलो, एवढंच डोक्यात होतं. शिवाय पारावर लोक दादाला बोलतात त्याहून जास्त मला बोलत होते. म्हणत, कागद ह्याच्या हातात आणि ह्याच्याच बहिणीचा तेवढा कोरा.

"आक्का," मी आवाज खाली घेऊन म्हणालो, "दादा तुझ्यापुढं बोलला न्हाई. पर गाडीत बोलला."

"काय बोलला?"

"मथुरीनं सही न्हाई केली तर तिला माझ्या घराचं दार बंद. मी मेलो तरी यायचं न्हाई, म्हणाला."

तिने सूप पुन्हा ओढून घेतलं होतं, हातात एक शेंग होती. ती तिने सोलली नाही, तशीच सुपात ठेवली.

"दादा म्हणाला?"

"व्हय."

"असं म्हणाला?"

"मग काय मी माझ्या मनचं सांगतोय?"

ती उठून आत गेली. चुलीपाशी भांड्यांचा आवाज झाला, मग चहाचा वास आला. बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. "उद्या कितीला यायचं?" तिने विचारलं.

दादा विहिरीवरून परत आला तर सगळं ठरलेलं. त्याला आश्चर्य वाटलं. "मनापासनं करतीस ना?" असं त्याने दोनदा विचारलं. ती म्हणाली, "तुला पाहिजे ना? मग झालं." दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती तशीच उभी राहिली, मान खाली घालून. मी ती पिशवी तिच्या फडताळात ठेवली आणि आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी कचेरीत तिचा फोटो काढला, अंगठा घेतला. सही तिला येत होती. प्रौढ वर्गात शिकली होती, हळूहळू पण नीट करायची. साहेबाने सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, "राजीखुशीनं देताय ना? कोणाचा दबाव नाही ना?"

"भावांनी मागितलं," आक्का म्हणाली.

"तसं नाही. हो की नाही सांगा."

"हो."

शिक्का पडला. दादा सगळ्यांसाठी उसाचा रस सांगायला गेला. त्याला त्या दिवशी खरंच हलकं वाटत होतं. आक्का आणि मी कचेरीच्या पायरीवर उभे होतो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादाला सांग, दार खुशाल उघडं ठेव. मी यायची न्हाई. सही केल्यावर जे दार उघडतं, त्यात मला पाय ठेवायचा न्हाई."

मी दादाला काही सांगितलं नाही. म्हटलं, रागात बोलली असेल, दिवाळीपर्यंत विसरेल.

ती विसरली नाही. दर दिवाळीला दादा मलाच मुराळी म्हणून तिला आणायला धाडायचा. ती माझं सगळं करायची. पाटावर बसवून ओवाळायची, जेवायला घालायची, आणि माझ्याबरोबर चल म्हटलं की नुसती हसायची. पहिल्या वर्षी मी परत जाऊन दादाला सांगितलं की सासूची तब्येत बरी नाही. पुढच्या वर्षी सांगितलं, म्हैस व्यायली. तिसऱ्या वर्षी दादाच म्हणाला, "नको सांगू काय. रुसलीय ती. नाव काढून घेतलं ना आपण. राग खरा हाय तिचा." मी म्हटलं, तू एकदा जाऊन ये. तर म्हणाला, "मी जाईन आन् तिनं दारातनं परत धाडलं तर? ते न्हाई सोसायचं मला." कोठडीत न डगमगलेला माणूस बहिणीच्या दाराला घाबरत होता. मला तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. एकच. पण आज बोलू, उद्या बोलू, असं करत करत सहा वर्षं गेली.

दादा गेला तेव्हा आक्का आली. अंगणापर्यंत. बायकांनी दंडाला धरून आत न्यायचा प्रयत्न केला, पण ती उंबऱ्याच्या आत गेली नाही. गोठ्याच्या दगडावर बसून राहिली, तिरडी बाहेर आली तेव्हा उठली आणि पाया पडली. लोकांना वाटलं, दुःखाने तिला काही सुचत नाही.

दादा होता तोवर समिती होती. तो गेल्यावर समिती म्हणजे एक फाईल उरली, तीही माझ्या घरी. कंपनी कुठे गेलीच नव्हती. ती नुसती थांबली होती. आम्ही तिच्यावर दावा लावला होता, त्याच्या तारखांना मात्र जात होतो. सकाळची एसटी, दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात, मग साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख. आधी वीस जण जायचो, मग आठ, मग मी आणि शेडगे. एकदा शेडगेही आला नाही. चौकशी केली तर कळलं, त्याने आदल्याच दिवशी विकली. गावात कोणी कोणाला काही बोललं नाही. एकाने दिलं की शेजारच्याचं मन मोकळं व्हायचं. मग दादाची पोरं माझ्याकडे आली. थोरला म्हणाला, "काका, आता एकट्यानं कोणासाठी धरून बसायचं?" मी थकलो होतो. लोक नंतर मला काय काय कारणं विचारत राहिले, पण ह्यापेक्षा मोठं कारण माझ्यापाशी नाही.

कंपनीच्या वकीलबाई तालुक्याच्या हॉटेलात खोली घेऊन बसल्या होत्या. हुशार बाई, बोलायलाही चांगली. आमचा उतारा आणि फेरफार चाळताना त्यांचा चेहरा खुलत गेला.

"किती स्वच्छ आहे हो हे," त्या म्हणाल्या. "एरवी आमचं सगळं बहिणींपाशी अडतं. भाऊ सगळे तयार असतात. एखादी बहीण कुठल्या तरी खेड्यात बसून नाही म्हणते आणि फाईल वर्षानुवर्षं हलत नाही. तुमच्या गावात मात्र बत्तीसच्या बत्तीस नावं कमी झालेली. कोणी केलं हे काम?"

"आमच्या काकांनी," पुतण्या अभिमानाने म्हणाला.

"छान केलंय," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

मी थँक्यू म्हणालो. हे मी म्हणालो हे मला अजूनही खरं वाटत नाही, पण म्हणालो.

खरेदीखताच्या आदल्या दिवशी मी आक्काकडे गेलो. रिकाम्या हाताने. दाजी तोवर गेले होते. ती एकटीच, अंगणात गोधडी शिवत बसली होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी समोर बसलो. पाणी प्यायलो. सांगितलं की उद्या जमीन जाते, पोरांची आणि माझीही.

तिने टाका घातला, दोरा दातांनी तोडला. "इचारायला आलास का सांगायला?"

"सांगायला."

"मग सांगितलंस. बस, च्या टाकते."

पण ती उठली नाही. गोधडीवरून हात फिरवत म्हणाली, "मला तवा वाटायचं, एक दिस तुम्ही दोघं असे याल. जमीन द्यायची का म्हणून इचारायला. आन् मी न्हाई म्हणंन. लई काय करायचं नव्हतं रे मला. एकदा तुम्ही इचारायचं आन् मी न्हाई म्हणायचं, तेवढ्यासाठी नाव पाहिजे होतं."

मी रडलो. साठीचा माणूस मी, बहिणीच्या अंगणात बसून पोरासारखा रडलो. ती काही समजूत घालायला आली नाही. तिला वाटलं असणार, जमिनीसाठी रडतोय.

"आक्का," मी म्हणालो, "दादा तसं बोलला नव्हता."

"कसं?"

"दार बंद. गाडीत तो असं काय बोललाच नव्हता. ते मी सांगितलं तुला, माझ्या मनचं."

सुई तिच्या हातात तशीच राहिली. "मग काय बोलला होता?"

"म्हणाला, मथुरी न्हाई म्हणाली तर उलट बोलायचं न्हाई. तिचा हक्क हाय, गावाला काय सांगायचं ते मी बघंन."

तिने सुई गोधडीत टोचून ठेवली. शिव्या देईल असं वाटलं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तो सहा वर्षं का न्हाई आला मग?"

"त्याला वाटलं, तू रुसलीस. तू दारातनं परत धाडशील म्हणून भ्यायचा."

"आन् दिवाळीला?"

"भाऊबिजेला सकाळी अंघोळ करून ओसरीवर बसायचा. मी तुला घिऊन येतोय का बघत. दुपारपर्यंत जेवायचा न्हाई."

"दर साली?"

"दर साली."

तिने चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा घातला. गोधडीची घडी करायला घेतली, ती काही तिला जमेना. मी हात लावायला पुढे झालो तर तिने गोधडी आपल्याकडे ओढून घेतली.

"जा आता तू," ती म्हणाली. "गाडी चुकंल."

गाडीला अजून दोन तास होते. मी उठलो.